रोज एक चमचा उंदराचं औषध

निम्मेसाहेबांच्या घरात उंदीर नव्हता. तिसरा मजला, खिडक्यांना बारीक जाळ्या, आणि खाण्याची वस्तू उघडी राहील अशी त्या घरात सोयच नव्हती. तरीही हत्यारांच्या कपाटात, हातोडी आणि खिळ्यांच्या बरणीमागे एक स्टीलचा डबा होता, आणि त्यावर निम्मेसाहेबांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती : 'उंदराचं औषध. विषारी. हात लावू नये.' रोज सकाळी बायको आंघोळीला गेली, आतून कडी लागली, पाण्याचा आवाज सुरू झाला, की निम्मेसाहेब तो डबा काढत. त्यातली पांढरी पावडर एक चमचा पाण्यात ढवळत, नाक दाबून पीत, पेला विसळून पालथा घालत आणि वर्तमानपत्र उघडून बसत.

ते विष नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. ते होतं अमिनो ॲसिड. एकूण तब्येत बरी राहावी म्हणून लोक घेतात ते. आता चांगल्या वस्तूवर विषाची चिठ्ठी का, हे कळायला आधी निम्मेसाहेब कळायला हवेत.

निम्मे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ते तीस वर्षांपासून स्टोअरकीपर होते, आणि हे नाव त्यांना फिटर लोकांनी दिलं होतं. फिटर खिडकीशी येऊन म्हणे, "साहेब, बारा वॉशर." साहेब सहा मोजून देत आणि म्हणत, "एवढे लाव आधी. कमी पडले तर ये." माणूस लागतं त्याच्या दुप्पट मागतो, असा त्यांचा सिद्धांत होता. फिटर लोकही काही दुधखुळे नव्हते. त्यांना बारा हवे असले की ते चोवीस मागत, त्यामुळे सिद्धांत दर वेळी खरा ठरे.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, पण गेल्या वर्षापासून शिडीने रॅकच्या चौथ्या कप्प्यापर्यंत गेलं की साहेबांना धाप लागायला लागली. त्यांनी कारखान्याच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला गाठलं.

"वय झालं, साहेब," कंपाउंडर म्हणाला.

"वय तुझंही झालंय."

"म्हणून तर मी अमिनो ॲसिड घेतो."

निम्मेसाहेब खुर्चीसकट मागे सरकले. त्यांच्या स्टोअरमध्ये ॲसिडला वेगळी खोली होती, दाराशी वाळूच्या दोन बादल्या होत्या आणि आत जायचं तर कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालावे लागत. "पितोस ते?"

"अहो, ते बॅटरीतलं नव्हे. आपण खातो त्यात प्रथिनं असतात ना, ती ज्या तुकड्यांची बनतात ते हे. भिंतीला विटा, तसं शरीराला हे. यात तयार विटाच मिळतात."

"मग शरीर काय करतं? नुसतं बसून असतं?"

"शरीर भिंत बांधतं. घेऊन तर बघा. नाक्यावरच्या दुकानात मिळेल, माझं नाव सांगा."

नाव सांगा म्हटल्यावर निम्मेसाहेबांच्या मनात पाल चुकचुकली. या कंपाउंडरचं त्या दुकानात काहीतरी असणार. म्हणून ते नाक्यावरचं दुकान सोडून चांगले दोन किलोमीटर चालत गेले, अनोळखी दुकानातून डबा घेतला आणि त्याचं सील तिथंच उजेडात धरून चारी बाजूंनी तपासलं. दुकानदार म्हणाला, "काका, औषध आहे, हिरा नाही." साहेबांनी त्याच्याकडेही नीट पाहून घेतलं.

खरी अडचण पुढेच होती, आणि ती अडचण म्हणजे मेहुणा. बायकोच्या या भावाकडे असल्या पावडरींचे सात डबे ओळीने मांडलेले असत. दोन महिन्यांपूर्वी त्याच्याकडे जेवायला गेले असताना निम्मेसाहेबांनी चारचौघांत, त्या डब्यांपुढे उभं राहून, पाऊण तास त्याची हजेरी घेतली होती. "माणसाने अन्न खावं. भुकटी खायला आपण काय तान्ही बाळं आहोत? हे सगळं लोकांना उल्लू बनवायचं काम." मेहुणा बिचारा नुसता हसला होता. आता आपणच पावडर खातो हे बायकोला कळलं असतं, तर दुपारच्या आत मेहुण्याला कळलं असतं. मग जन्मभर त्या घरात जेवायला बसण्याची सोय राहिली नसती.

म्हणून त्यांनी मूळचा डबा कारखान्याच्या भंगारात टाकला, पावडर स्टीलच्या डब्यात ओतली आणि वर ती चिठ्ठी लावली. आतलं माहितीपत्रक मात्र त्यांच्याने टाकवेना. छापलेला कागद टाकायचा नाही, हा त्यांचा धर्म होता. ते त्यांनी घरच्या फाइलींच्या गठ्ठ्यात 'उंदीर' या नावाची नवी फाइल काढून तिला लावलं. पत्रकात लिहिलं होतं, दिवसाला दोन चमचे. निम्मेसाहेबांनी स्वतःला एक मंजूर केला.

स्टोअरमध्ये तेलाच्या पिंपात सळई बुडवून तेल किती उरलंय ते पाहतात. निम्मेसाहेबांनी डब्याला तीच पद्धत लावली. रोजचा चमचा घेतला की कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने एक रेघ, आणि अधूनमधून स्टीलची पट्टी बुडवून तपासणी. पाच चमचे गेले की पावडर अर्धं बोट खाली जाते, हे त्यांनी पहिल्या पाच दिवसांत पक्कं केलं. बाराव्या दिवशी पट्टी बुडवली, तर पावडर दीड बोट खाली. रेघा बारा आणि चमचे पंधरा. त्यांनी पट्टी पुसून पुन्हा बुडवली. पट्टी आपल्या म्हणण्याला धरून राहिली.

म्हणजे तीन चमचे कोणीतरी नेले होते. घरात माणसं दोन. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, धुण्याभांड्यांना बाई नाही. दोनातून आपण स्वतः वजा. चोर सापडायला इतका थोडा वेळ त्यांना उभ्या नोकरीत कधी लागला नव्हता. पण चोर सापडल्याचा आनंद अर्धा मिनिटही टिकला नाही, कारण मग त्यांच्या लक्षात आलं, की बायकोच्या दृष्टीने त्या डब्यात उंदराचं औषध आहे. उंदराचं औषध माणूस चमच्याने मोजून कशाला नेईल?

त्यांनी सावधपणे चौकशी सुरू केली. बायको खिडकीशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अगं, घरात उंदीर झालेत का?"

"छे. का हो?"

"सहज. झुरळं? मुंग्या?"

"काही नाही. तुम्हाला काय हवंय त्यातलं?"

"शेजारपाजारचं कोणी काही मागायला आलं होतं?"

"आपल्याकडे?" बायकोने हातातली घडी खाली ठेवली. "आपल्याकडे मागायला कोण येतंय?"

हेही खरंच होतं. निम्मेसाहेब विचार करत कामावर गेले आणि विचार करतच परत आले. संध्याकाळी बायकोने त्यांच्यापुढे दुधाचा पेला ठेवला. हे दूध तीन दिवसांपासून सुरू झालं होतं. चहाने तुम्हाला झोप लागत नाही, असं ती म्हणाली होती. एकतीस वर्षं चहा पिऊन ते आडवे पडले की घोरत होते. त्यांनी घोट घेतला, आणि जिभेला ती चव लागली : जुन्या पाकिटाचा डिंक चाटावा तशी, तुरट आणि कडसर. ही चव ते रोज सकाळी नाक दाबून गिळत होते. तीन दिवस दूध, तीन चमचे पावडर.

निम्मेसाहेबांची पाचावर धारण बसली. आपली बायको आपल्याला उंदराचं औषध घालतेय.

"कसं आहे दूध?" बायकोने विचारलं.

"छान आहे," ते म्हणाले आणि पेला रिकामा केला, कारण त्यातून जिवाला काही होणार नव्हतं हे त्यांना ठाऊक होतं. पण मनाला झालं. त्यांना खूप वाईट वाटलं. बसल्या जागी त्यांनी एकतीस वर्षं चाळून पाहिली. आपण हिच्यावर कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही, बाहेर कुठे नजर टाकली नाही. मग शोधता शोधता एकेक आठवायला लागलं. मुलीच्या लग्नात हिने दोनशे पाहुण्यांची यादी केली होती आणि आपण ती शंभरावर आणली होती. पंखा ती चारवर ठेवी आणि आपण येता-जाता दोनवर आणत होतो. एका हिवाळ्यात तिने स्वेटर विणायला दहा गुंडे लोकर मागितली, आपण पाच आणली, आणि त्या स्वेटरला बाह्या काही आल्याच नाहीत. स्वेटर आपल्यासाठीच होता, ही त्यातली आणखी एक गोष्ट. पण एवढ्यावरून कोणी विष घालतं का?

बरं, विचारायचं तरी कसं? मला विष का घालतेस म्हणावं, तर ती डबा आणून पुढे ठेवणार. ते विष नाही म्हणावं, तर काय आहे ते सांगावं लागणार. सांगितलं की मेहुणा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

दुसऱ्या दिवशी न राहवून त्यांनी कंपाउंडरकडे आडून विषय काढला.

"समज, एका माणसाला त्याची बायको विष घालतेय."

"कोण हा माणूस?"

"आहे एक. पण ते विष नाहीये. हे त्याला माहीत आहे, तिला माहीत नाही."

"मग बरंच आहे की."

"बरं कसं? तिच्या मनात काय आहे ते बघ ना."

कंपाउंडरने चष्मा काढून पुसला. "त्याने काय केलंय तिला?"

"काही नाही. एकतीस वर्षांत काही म्हणजे काही केलेलं नाही."

"मग काही केलं नाही म्हणूनच असेल."

हे काही निम्मेसाहेबांना पटलं नाही, पण बोलता बोलता कंपाउंडरने एक वाक्य असं टाकलं, की त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. "पण साहेब, त्या बाईच्या लक्षात आलं, की नवऱ्याला काहीच होत नाहीये, तर ती दुसरं आणील की. खरं."

ही गोष्ट निम्मेसाहेबांना सुचली नव्हती. स्टोअरमध्ये तरी काय होतं? एक माल चालला नाही की लोक त्याहून जालीम माल मागतात. म्हणजे आता जीव वाचवायचा तर एकच उपाय होता. हे विष लागू पडतंय, असं बायकोला वाटत राहिलं पाहिजे.

त्या संध्याकाळी ते दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकत, हळूहळू बसले आणि म्हणाले, "हुश्श." बायको स्वयंपाकघरातून लगेच बाहेर आली.

"काय होतंय?"

"काही नाही. जरा गळून गेल्यासारखं वाटतंय."

ती त्यांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ, अगदी निरखून पाहत राहिली. निम्मेसाहेब मनात म्हणाले, बघ, बघ, गुण येतोय का ते बघ. मग तिने दूध आणलं. ते कालच्यापेक्षा कडू होतं. सकाळी पट्टी बुडवली, तर त्यांच्या एका रेघेमागे तीन चमचे गेले होते. म्हणजे तिने एकाचे दोन केले होते. औषध लागू पडतंय म्हटल्यावर बाईला घाई झाली.

आता मागे फिरायची सोय नव्हती. निम्मेसाहेब घरात भिंत धरून चालायला लागले. जेवताना दोन घास घेऊन पान सारत, आणि मग कारखान्यात जाऊन भुकेने कँटीनमध्ये सगळं काही खात. गंमत म्हणजे कारखान्यात त्यांना भलतीच हुशारी आली होती. चौथ्या कप्प्यापर्यंत शिडी चढून ते वरूनच फिटरशी हुज्जत घालत. ती पावडरीची करामत, की कँटीनची, की भीतीची, देव जाणे. पण संध्याकाळी घराच्या जिन्याशी आले की त्यांचे खांदे आपोआप पडत. तिकडे बायकोने दोनाचे तीन चमचे केले. दूध आता दाटसर लागायला लागलं होतं.

मग त्यांनी शेवटची परीक्षा घ्यायचं ठरवलं. त्या दिवसांत बायकोही सोबत म्हणून पेलाभर दूध घ्यायला लागली होती. ती दाराची घंटा वाजली म्हणून उठून गेली, तेवढ्यात साहेबांनी दोन्ही पेले बदलले. म्हटलं, आता काय करते ते पाहू. ही ओळखेल, घाबरेल, पेला ढकलून देईल, आणि मग सगळं आपोआप बाहेर येईल.

बायको येऊन बसली. तिने एक घोट घेतला आणि थांबली. पेल्यात पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. बायकोने तोंड वाकडं केलं, डोळे मिटले आणि सगळा पेला एका दमात पिऊन टाकला. मग उठून ती गुणगुणत भांडी घासायला गेली.

निम्मेसाहेब गार पडले. माहीत असून प्यायली. याचा अर्थ एकच होता : नवऱ्यामागे तिला एकटीला राहायचं नव्हतं. जायचं तर दोघांनी, असं तिने ठरवलेलं दिसत होतं. त्यांना गलबलून आलं. बायको आपल्याला मारणार आहे, पण एकटं सोडणार नाही, या विचाराने त्यांना काही क्षण बरंसुद्धा वाटलं. मग ते भानावर आले आणि त्यांना जास्तच भीती वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी ते पलंगावरून उठलेच नाहीत. काय करावं ते न सुचल्यामुळे उठले नव्हते, पण बायकोने वेगळाच अर्थ घेतला.

"चला, डॉक्टरकडे जायचं."

"कशाला? होईल आपोआप बरं."

"तीन दिवस हेच ऐकतेय. कपडे करा."

रिक्षात बसल्यावर निम्मेसाहेबांच्या लक्षात आलं, की ही एवढ्या लगबगीने डॉक्टरकडे का नेतेय. उद्या काही झालं तर म्हणायला मोकळी, डॉक्टरकडे तर नेलं होतं. पण डॉक्टर हा साक्षीदारही असतो. बास, आजच काय तो निकाल लावायचा.

डॉक्टरीणबाई त्यांच्या जुन्या ओळखीच्या होत्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी रक्तदाब पाहिला, छाती तपासली, पोट चाचपलं, दोनदा उठून बसायला लावलं. "तब्येत उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "पोट तेवढं फुगलंय. त्रास काय होतो?"

बायको सांगायला लागली, पण निम्मेसाहेबांनी हात वर केला. "मला एकट्याला बोलायचंय."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती पडद्याबाहेर गेली. पडदा कापडाचा होता आणि बाहेरचं बाकडं त्याला लागून होतं, पण निम्मेसाहेबांना त्याचं भान राहिलं नाही.

"डॉक्टर, मला विष घातलं जातंय."

"कोण घालतंय?"

साहेबांनी अंगठ्याने पडद्याकडे खूण केली.

"कसलं विष?"

"उंदराचं. दहा-बारा दिवस झाले. आधी एक चमचा होता, आता तीन."

डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब पुन्हा एकदा पाहिला. "रोज तीन चमचे उंदराचं औषध? मग तुम्ही इथं चालत कसे आलात?"

"कारण ते उंदराचं औषध नाहीये. अमिनो ॲसिड आहे. मीच आणलंय. रोज घेतो."

"म्हणजे तुम्ही स्वतःच घेता."

"मी एक चमचा घेतो. बाकीचं ती घालते. पण तिला वाटतं ते उंदराचं औषध आहे."

"तसं का वाटतं?"

"मी तसं लिहून ठेवलंय."

डॉक्टरांनी पेन टेबलावर ठेवलं. "मग तुमची नक्की तक्रार काय आहे?"

एवढ्यात पडदा बाजूला झाला. बायको आत आली आणि साहेबांच्या समोर उभी राहिली.

"मला काही वाटत नाही तसलं," ती म्हणाली. "उंदराच्या औषधाच्या डब्यात चमचा असतो का हो? तोही पुसून, कागदात गुंडाळून? उंदरांना काय मांडीवर घेऊन भरवायचं असतं?"

"तुला माहीत होतं?"

"खिळा हवा होता म्हणून कपाट उघडलं. घरात उंदीर नाही आणि औषध आलं म्हटल्यावर मी काय गप्प बसणार होते? फाइलींत बघितलं तर 'उंदीर'. आत सगळं छापलेलं, दिवसाला दोन चमचे. आणि दारावर तुमच्या रेघा, दिवसाला एक." तिने डॉक्टरांकडे वळून पाहिलं. "कारखान्यात सगळ्यांना निम्मं देतात, ते मला ठाऊक होतं. पण या माणसाने स्वतःलाही निम्मंच मंजूर केलं होतं. म्हटलं, उरलेला एक आपण द्यावा. म्हणून दुधात घालायला लागले."

"मग मला सांगायचंस तरी," साहेब म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्ही होता तोही बंद केला असता. तुमची लाज मला माहीत नाही का?"

"आणि एकाचे तीन कशाला केलेस?"

"तुम्ही भिंत धरून चालायला लागलात म्हणून," बायको म्हणाली. "दोन केले तर तुमचं जेवण सुटलं. तीन केले तर पलंगावरून उठेनात. मला वाटलं, तुम्हाला काहीतरी मोठं झालंय आणि डबा लपवलात तसं तेही लपवताय. मी देवाला म्हणत होते, काय असेल ते असू दे, पण या माणसाला उठून बसव. आणि तुम्ही नाटक करत होतात."

निम्मेसाहेबांना जमिनीत जावंसं वाटलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून ते म्हणाले, "पण तीन चमचे चालतात, हे तुला कोणी सांगितलं?"

"दादाने. त्याला सोडून मी आणखी कोणाला विचारणार?"

मेहुण्याला म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. निम्मेसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

"थांबा," बायको म्हणाली. तिच्या काहीतरी ध्यानात आलं होतं. "काल तुम्ही पेले बदललेत. पहिल्या घोटाला मला कळलं. मी म्हटलं, कडू लागतं म्हणून माझ्यावर ढकलला असेल, आजारी माणूस आहे, जाऊ दे. पण तुम्हाला तर वाटत होतं, मी त्यात विष घातलंय."

"पण ते विष नव्हतं हे मला माहीत होतं ना."

"आणि मला वाटतंय की ते विष आहे, असं तुम्हाला वाटत होतं. तरी मी ते पिताना तुम्ही समोर बसून बघत राहिलात. थांब म्हणाला नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी घसा साफ केला. "दोघंही ऐका. पावडर घ्यायची तर पत्रकात आहे तेवढीच घ्या. नाही घेतली तरी काही अडत नाही. नाटक बंद करा आणि नीट जेवा. माणसाने अन्न खावं." मग त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

परतताना रिक्षात बायको बाहेर पाहत होती. निम्मेसाहेबांनी दोनदा घसा खाकरला, दोनदा 'अगं' म्हटलं, पण 'अगं'च्या पुढे काही सुचलं नाही. घर जवळ आल्यावर तीच म्हणाली, "एकतीस वर्षं झाली. एवढंच ओळखलंत मला." ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. ती अगदी थकून बोलली.

घरी आल्यावर बायको चप्पल काढून तशीच पलंगावर आडवी झाली. कपाळावर हात घेऊन म्हणाली, "डोकं दुखतंय माझं. अर्धा कप चहा करून देता का?"

निम्मेसाहेब स्वयंपाकघरात गेले. चहा त्यांना जेमतेम येत होता. त्यांनी दूध शोधलं, साखर शोधली, आणि अर्धा कप पाणी मोजता मोजता त्यांचा हात थांबला. त्यांनी भांडं धुऊन पुन्हा मांडलं. घरातला सगळ्यात मोठा कप काढला. दूध भरपूर घातलं, साखर शीग लावून दोन चमचे घातली, आलं किसून टाकलं, ते कमी वाटलं म्हणून आणखी टाकलं. कप काठोकाठ भरला. मग बशीत एक थेंब सांडू न देता, पाऊल मोजून टाकत ते पलंगाशी आले आणि त्यांनी कप तिच्यापुढे धरला.

बायको उठून बसली. तिने कपाकडे पाहिलं.

"मी अर्धा म्हटलं होतं."

"असू दे," निम्मेसाहेब म्हणाले. "आज पूर्ण घे."

एवढ्या वर्षांत या माणसाच्या हातून, मागितलं त्याहून जास्त असं तिला काही मिळालेलं नव्हतं. तिने कप हातात घेतला, एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा चहाकडे पाहिलं आणि कप नाकाशी नेऊन वास घेतला. मग तिने तो सावकाश नवऱ्यापुढे धरला.

"आधी तुम्ही एक घोट घ्या," ती म्हणाली.